ढोल-ताशात निघणारा वर्ग : कार्ल लिनियसने अख्खं विद्यापीठ रानात नेलं त्याची गोष्ट

आंब्याचं शास्त्रीय नाव मॅन्जिफेरा इंडिका. भाताचं ओरायझा सटायव्हा. शाळेत असताना ही नावं आपण घोकून पाठ केली, पेपरात लिहिली आणि विसरूनही गेलो. प्रत्येक सजीवाला असं दोन शब्दांचं नाव द्यायची पद्धत ज्याने रुजवली, तो माणूस म्हणजे स्वीडनचा कार्ल लिनियस. पाठ्यपुस्तकात त्याच्या वाट्याला दोन-चार ओळी आणि केसांचा टोप घातलेलं एक चित्र येतं. विषय संपतो.

पण १७४० च्या दशकात स्वीडनच्या उप्साला गावात तुम्ही एखाद्या शनिवारी सकाळी उभे असता, तर तुम्हाला वेगळाच लिनियस दिसला असता. सैलसर कपडे आणि रुंद काठाच्या टोप्या घातलेली शे-दीडशे पोरं, हातात भिंग आणि वही, आणि त्यांच्या पुढे झपाझप चालणारा हा प्रोफेसर. संध्याकाळी हीच वरात टोप्यांत फुलं खोवून, नगारे आणि तुताऱ्या वाजवत गावात परत यायची. गावकऱ्यांना वाटावं लग्न आहे की काय. प्रत्यक्षात तो विद्यापीठाचा तास असायचा.

आज जगभरातली विद्यापीठं शेती आणि पर्यावरण शिकवण्यासाठी प्रवासी अभ्यासक्रम चालवतात. विद्यार्थ्यांना वर्गातून उचलून थेट शेतात, जंगलात, दुसऱ्या प्रांतात नेतात. या पद्धतीला शिस्त लावणाऱ्या सुरुवातीच्या माणसांत लिनियसचं नाव घ्यावं लागतं. यातून स्वीडनला काय मिळालं आणि त्याच्या पोरांना काय किंमत मोजावी लागली, हे सगळं समजून घ्यायचं तर त्याच्या लहानपणापासून सुरुवात करावी लागेल.

पाद्री व्हायचं होतं, पण मन बागेत

लिनियसचा जन्म २३ मे १७०७ चा. दक्षिण स्वीडनच्या स्मालँड प्रांतातलं रोसहुल्ट नावाचं खेडं. वडील चर्चमध्ये पाद्री आणि बागकामाचे वेडे. घराण्याचं आडनावसुद्धा लिंडन नावाच्या झाडावरून घेतलेलं. पोराने आपल्यासारखंच पाद्री व्हावं अशी घरच्यांची इच्छा होती.

पण पोराचं लक्ष धर्मशास्त्रात लागेना. शिक्षकांनी वडिलांना सांगून टाकलं की हा पाद्री व्हायच्या कामाचा नाही. अशा वेळी रोथमान नावाचे डॉक्टर मास्तर मध्ये पडले. पोरगं हुशार आहे, त्याला वैद्यकी शिकू द्या, असं त्यांनी वडिलांना पटवलं. तेव्हा औषधं झाडपाल्यातूनच बनायची. त्यामुळे डॉक्टर व्हायचं म्हणजे वनस्पती ओळखता येणं आलंच.

१७२७ मध्ये तो लुंडच्या विद्यापीठात गेला आणि वर्षभरात उप्सालाला आला. खिशात पैसा नव्हता. उलोफ सेल्सियस या विद्वान धर्मगुरूने या पोराची वनस्पतींची जाण पाहिली आणि त्याला घरी आसरा दिला. (तापमानाचं सेल्सियस ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्या आंदेर्स सेल्सियसचे हे काका.) विद्यार्थी असतानाच, १७३० मध्ये, त्याला विद्यापीठाच्या बागेत इतर पोरांना शिकवायचं काम मिळालं. ऐकणाऱ्यांची गर्दी वाढत गेली.

मरणाऱ्या गुरांचं कोडं

मे १७३२. पंचविशीच्या उंबरठ्यावरचा लिनियस घोड्यावर बसला आणि एकटाच उत्तरेला लॅपलँडकडे निघाला. खर्च उप्सालाच्या विज्ञान सोसायटीने दिला होता. तिथे रेनडिअर पाळणारे सामी लोक राहतात. ते काय खातात, जनावरं कशी सांभाळतात, कोणतं झुडूप कशाला वापरतात हे त्याने पाहिलं, विचारलं आणि लिहून काढलं. वाट दाखवणारेही अनेकदा हेच लोक होते. पुस्तकात नसलेली माहिती त्याला इथे मिळत गेली.

याच प्रवासातला एक किस्सा फार महत्त्वाचा. तोर्निओ नावाच्या गावात (आज हे फिनलंडमध्ये येतं) दर वसंतात गुरं मरत होती. हिवाळाभर गोठ्यात बांधलेली जनावरं कुरणात सोडली, की थोड्याच दिवसांत पटापट मरायची. लोक हवालदिल झाले होते. लिनियसने ते कुरण पायी पालथं घातलं. दलदलीच्या भागात त्याला गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली एक अतिविषारी पाणवनस्पती सापडली. वसंतात बाकी गवत नीट वाढलेलं नसताना भुकेली गुरं हीच खात होती. उपाय साधा होता. ही झाडं उपटून टाका किंवा गुरं त्या दलदलीकडे जाऊ देऊ नका.

हे कोडं सोडवायला कुरणात जाऊन उभं राहावं लागलं, गुरं कधी आणि कुठे चरतात हे गावकऱ्यांना विचारावं लागलं. लिनियसच्या डोक्यात इथूनच एक गोष्ट पक्की बसलेली दिसते. देश समजून घ्यायचा असेल तर तो पायाखाली घालावा लागतो. ऑक्टोबरमध्ये तो उप्सालाला परतला.

सात विद्यार्थी, सात कामं

दोन वर्षांनी, १७३४ मध्ये, डालार्ना प्रांताच्या गव्हर्नरने त्याला बोलावलं. आमच्या प्रांताची पाहणी करा, खर्च आम्ही देतो. या वेळी लिनियस एकटा गेला नाही. त्याने सोबत सात विद्यार्थी घेतले.

आता त्याने काय केलं बघा. सगळ्यांनी सगळं बघायचं असा गोंधळ त्याने ठेवलाच नाही. प्रत्येकाला कामं वाटून दिली. एकाने भूगोल बघायचा. एकाने हवा-पाणी. एकाने दगड आणि खनिजं, एकाने वनस्पती, एकाने प्राणी. एकाने लोकांचं घर कसं चालतं, ते काय पिकवतात, काय खातात हे बघायचं. एकाकडे मुक्काम आणि हिशोबाची व्यवस्था. दिवसभर काय पाहिलं ते रोजच्या रोज वहीत उतरवायचं.

साधारण सहा आठवडे ही टोळी डोंगराळ मुलुखात फिरली, नॉर्वेतल्या रोरोसच्या खाणींपर्यंत जाऊन आली. आजच्या भाषेत याला आपण क्षेत्र-अभ्यासाचा कोर्स म्हणू. गटाने जायचं, काम वाटून घ्यायचं, रोजचा अहवाल लिहायचा, हा साचा त्या प्रवासात तयार झाला होता.

याच प्रांतात फालूनची प्रसिद्ध तांब्याची खाण आहे. कच्चं तांबं भाजताना निघणाऱ्या गंधकाच्या धुराने आसपासची झाडी कशी करपून जाते आणि खाणीत उतरणाऱ्या कामगारांचे काय हाल होतात, याचीही त्याने नोंद केली. पर्यावरण हा शब्दही तेव्हा आजच्या अर्थाने वापरात नव्हता.

आणखी एक धागा चाऱ्याचा. कोणतं जनावर कोणती वनस्पती खातं आणि कोणती सोडून देतं, याकडे तो प्रवासात लक्ष ठेवून असायचा. पुढे प्रोफेसर झाल्यावर त्याने विद्यार्थ्यांना या कामाला जुंपलं. गाय, शेळी, मेंढी, घोडा आणि डुक्कर यांच्यापुढे शेकडो वनस्पती ठेवून बघायच्या. असे दोन हजारांहून जास्त प्रयोग झाले आणि १७४९ मध्ये त्यावर प्रबंध निघाला. कुरणात काय ठेवावं आणि काय उपटावं, हे पशुपालकाला त्यातून कळणार होतं.

देशाची तिजोरी रिकामी होती

मधल्या काळात तो हॉलंडला गेला, १७३५ मध्ये तिथे डॉक्टरकीची पदवी घेतली आणि त्याच वर्षी निसर्गाची मांडणी करणारं सिस्टिमा नॅचुरी हे पुस्तक काढलं. अवघ्या काही पानांच्या या पुस्तकाने त्याचं नाव युरोपभर झालं. तिथे असताना दूरच्या उष्ण देशात जायची संधीही चालून आली, पण ती त्याने नाकारली. १७३८ मध्ये तो मायदेशी आला, लग्न केलं, स्टॉकहोममध्ये दवाखाना चालवला आणि १७४१ मध्ये उप्सालाला वैद्यकाचा प्रोफेसर झाला.

प्रोफेसर झाल्यावर पहिल्या भाषणाला त्याने विषय कोणता निवडला असेल? आपल्याच देशात प्रवास करणं का गरजेचं आहे, हा. त्या काळी श्रीमंतांची पोरं शिकायला परदेशी जायची. लिनियसचं म्हणणं होतं की आपल्या रानात, शेतात आणि खाणीत काय आहे हे आधी बघा.

यामागे पैशाचं गणित होतं. १७२१ मध्ये संपलेल्या युद्धात स्वीडनने आपलं मोठं साम्राज्य गमावलं होतं. तिजोरी खाली होती. चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी, कपड्यांचे रंग या सगळ्यासाठी चांदी देशाबाहेर जात होती. त्यामुळे सरकारच त्याला प्रवासाला पाठवू लागलं. १७४१ मध्ये सहा विद्यार्थी घेऊन तो ओलँड आणि गॉटलँड या बेटांवर गेला. रंग देणाऱ्या वनस्पती आणि भांड्यांसाठी माती शोधा, असं काम होतं. १७४६ मध्ये पश्चिमेकडचा प्रांत झाला आणि १७४९ मध्ये दक्षिणेकडचा सुपीक स्कोने.

स्कोनेच्या पुस्तकावरून मात्र वाद झाला. स्मालँडमधले गरीब शेतकरी जंगलाचा तुकडा जाळून त्या राखेत राय नावाचं धान्य पेरायचे. आपल्याकडच्या डोंगराळ भागातल्या कुमरी शेतीसारखंच. सरकारी मंडळींना हा लाकडाचा नाश वाटायचा. लिनियस त्याच मातीतला. खडकाळ जमिनीत त्या शेतकऱ्याला दुसरा मार्ग नाही, असं म्हणत त्याने या पद्धतीची बाजू घेतली. होर्लेमान नावाच्या वजनदार सरदाराला ते खपलं नाही. शेवटी १७५१ च्या पुस्तकातला तो मजकूर काढावा लागला आणि त्या जागी शेणखताची माहिती आली. स्वतः फिरून बघितलेलं आणि दरबाराला ऐकायचं असलेलं यात फरक पडला, की काय होतं ते लिनियसला इथे कळलं.

शनिवारची शाळा

दूरच्या प्रवासाला मोजकेच विद्यार्थी जाणार. मग बाकीच्यांचं काय? त्यांच्यासाठी उप्सालाच्या आसपासच्या सहली होत्या. आठ वाटा ठरलेल्या होत्या. सकाळी निघायचं, ठरावीक अंतराने थांबायचं, गोळा केलेली रोपं, किडे, दगड समोर ठेवायचे आणि लिनियस एकेकाची माहिती सांगायचा. इथेही कामं वाटलेली. एक जण नोंदी लिहिणार, एक शिस्त बघणार, एखादा पक्षी टिपणार. उशिरा येणाऱ्याला दंड. दुपारी एखाद्या वाडीवर एकत्र जेवण.

वैद्यकाची पोरं यायचीच, पण इतर विषयांचीही यायची. परदेशातूनही विद्यार्थी येऊ लागले. विद्यापीठातल्या काही मंडळींना मात्र हा वाजतगाजत चालणारा प्रकार आवडला नाही. अभ्यास गंभीर तोंडाने करायचा असतो, असा त्यांचा समज. तक्रारी झाल्या. पण पोरांची गर्दी काही हटली नाही.

लांबलचक लॅटिन वर्णनांऐवजी दोन शब्दांचं नाव का आलं, याचंही एक कारण या सहलींमध्ये सापडतं. रानात, चालता चालता, वहीत पटकन लिहायला ओळभर लांब नाव काय कामाचं? १७५३ मध्ये त्याने सुमारे सहा हजार वनस्पतींना अशी छोटी नावं दिली. आपल्या आंब्याचं आणि भाताचं नाव त्याच पुस्तकातलं.

जे परत आले नाहीत

इथपर्यंतची गोष्ट छान वाटते. पण लिनियसची भूक वाढत गेली. घरच्या मुलुखानंतर त्याला साऱ्या जगातल्या वनस्पती हव्या होत्या. चहाचं रोप आणून स्वीडनमध्ये लावलं की चांदी बाहेर जायची थांबेल, असा त्याचा हिशोब होता. थंडीला रोपं हळूहळू सरावतील, असं तो धरून चालला होता. मग त्याने आपले विद्यार्थी जगभर पाठवायला सुरुवात केली. अशा सतरा जणांना पुढे लिनियसचे प्रेषित म्हटलं गेलं.

पहिला निघाला टेर्नस्ट्रोम. बायका-पोरं असलेला पाद्री. चीनला जाऊन चहाचं रोप आणायचं होतं. १७४६ मध्ये व्हिएतनामजवळच्या बेटावर तापाने त्याचा मृत्यू झाला. त्याच्या विधवेने लिनियसला दोष दिला. यानंतर लिनियसने काय धडा घेतला? शक्यतो अविवाहित पोरांना पाठवायचं. पाठवणं थांबलं नाही.

हासेलक्विस्ट पॅलेस्टाइन-इजिप्तकडे गेला, १७५२ मध्ये स्मर्नाजवळ वारला. कर्ज इतकं, की सावकारांनी त्याचा संग्रह अडवून ठेवला आणि स्वीडनच्या राणीने पैसे भरून तो सोडवला. लॉफ्लिंग हा लिनियसचा अतिशय लाडका शिष्य. १७५६ मध्ये व्हेनेझुएलात तापाने गेला. वय होतं अवघं २७.

यातल्या एका प्रवासाचा शेवट आपल्या मुंबईत झाला. डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये अरबस्तानाकडे एक मोहीम पाठवली. त्यात लिनियसचा शिष्य फोर्सकोल होता. १७६३ मध्ये येमेनमध्ये मलेरियाने तो गेला. उरलेले जहाजाने मुंबईला निघाले. दोघे समुद्रातच दगावले. मोहिमेतला डॉक्टर क्रामर मुंबईत पोहोचून १७६४ मध्ये मरण पावला. एकटा कार्स्टन नीबूर वाचला. मुंबईत तो वर्षाहून जास्त काळ राहिला, तब्येत सावरली आणि घारापुरीच्या लेण्यांची मोजमापं घेऊन चित्रंही काढली. फोर्सकोलच्या नोंदी त्यानेच जपल्या आणि १७७५ मध्ये छापल्या. लिनियसने फोर्सकोलच्या नावाने एका चिवट, चिकटणाऱ्या रोपाचं नाव ठेवलं. शिष्याचा हट्टी स्वभाव त्याला त्यात दिसला असावा.

सगळेच काही गेले नाहीत. पेर काल्म १७४८ ते १७५१ उत्तर अमेरिकेत फिरला. रेशमाच्या किड्यांसाठी थंडीत तगणारी तुती शोधायची होती. तिथले वसाहतवाले जंगल तोडून, जमिनीचा कस संपवून पुढे सरकतात, हे त्याने स्पष्ट नोंदवलं. परत येऊन तो आपल्या प्रोफेसरकीच्या कामावर रुजू झाला. थुनबर्ग जपानपर्यंत जाऊन आला आणि पुढे उप्सालात लिनियसच्याच खुर्चीवर बसला.

आणि चहा? १७६३ मध्ये चहाची जिवंत रोपं खरोखर उप्सालाला पोहोचली. पण ती तगली नाहीत. तुती आणि रेशमाचंही देशाचं नशीब बदलेल असं काही झालं नाही. स्वीडनची थंडी प्रोफेसरच्या हिशोबाने चालणार नव्हती.

इथे एक फरक नीट बघा. तोर्निओच्या कुरणात लिनियस प्रश्न घेऊन गेला होता, उत्तर जमिनीने दिलं. चहाच्या बाबतीत उत्तर त्याने आधीच ठरवलं होतं आणि ते खरं करायला दुसऱ्यांची पोरं समुद्रावर पाठवली. हीच चूक माणसांबद्दलही झाली. जगातल्या माणसांची त्याने चार गटांत विभागणी केली आणि कधी न भेटलेल्या लोकांना स्वभाव चिकटवले. पुढे वंशभेद करणाऱ्यांनी या मांडणीचा भरपूर वापर केला.

शेवट आणि मागे उरलेलं

१७५८ मध्ये लिनियसने उप्सालाजवळ हामरबी इथे शेतजमीन आणि घर घेतलं. उन्हाळ्यात विद्यार्थी तिथेच राहायला यायचे आणि तास भरायचा. १७६१ मध्ये त्याला सरदारकी मिळाली. १७७४ मध्ये पहिला झटका आला आणि पुढे बोलणं-चालणं कमी होत गेलं. १० जानेवारी १७७८ ला तो गेला. उप्सालाच्या कॅथेड्रलमध्ये त्याला पुरलं आहे. त्याचा संग्रह काही वर्षांत एका इंग्रजाने विकत घेतला आणि तो आजही लंडनच्या लिनियन सोसायटीत आहे. उप्सालाभोवतीच्या त्या आठ वाटा मात्र जपून ठेवल्या आहेत. लोक आजही त्यांवरून चालतात.

आपल्याकडे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या कृषी विद्यापीठांतली पोरं-पोरी शेवटच्या वर्षी गावात मुक्कामाला जातात. गावकरी त्यांना कृषीदूत आणि कृषीकन्या म्हणतात. माती परीक्षण, बीजप्रक्रिया यांची प्रात्यक्षिकं होतात, फोटो निघतात, फाईल जमा होते. काही जण यातून आयुष्यभर पुरेल इतकं शिकतात, तर काहींसाठी ती फक्त मार्कांची सोय ठरते.

लिनियसच्या अनुभवावरून हा फरक कशाने पडतो ते सांगता येतं. जाताना प्रत्येकाकडे आपला एक प्रश्न असावा. कामं वाटलेली असावीत. जे दिसलं ते त्याच दिवशी लिहावं. गावातल्या माणसाला शिकवण्याआधी त्याला विचारावं, आणि त्याचं उत्तर आपल्या पुस्तकाशी जुळलं नाही तर पुस्तक पुन्हा तपासावं. आणि पोरांना बाहेर पाठवणाऱ्या संस्थेने ती सुखरूप परत येतील याची जबाबदारी आधी घ्यावी. टेर्नस्ट्रोमच्या विधवेची तक्रार हीच होती.